विश्लेषण : रेसकोर्सवर सेंट्रल पार्क, मुंबईकरांना धास्ती कशाची?

महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकरांवर ‘सेंट्रल पार्क’ उभारण्याची योजना आहे. बागेला सहसा कुणाचा विरोध नसतो. मग इथेच वाद का?

काय ठरले?
रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा भाडेकरार २०१३ मध्ये संपला. २०२४ मधील तोडग्यानुसार ९१ एकर क्लबकडे राहतील, तर १२० एकर महापालिकेला मिळतील. कोस्टल रोडलगतची भरावाची जमीन जोडून सुमारे ३०० एकरांचा हरितपट्टा करण्याचा मानस आहे.

मतमतांतरे काय?
जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या ७०८ सभासदांनी मतदान केले. ५४० मते बाजूने पडली. तिथे रोज चालायला येणाऱ्यांना मात्र मताचा अधिकार नव्हता. समर्थक म्हणतात, मूठभरांची जागा सर्वांची होईल. विरोधकांच्या मते, मैदान आजही फिरायला खुले आहे आणि तिथली माती पावसाचे पाणी जिरवते. भूमिगत वाहनतळासाठी खोदकाम झाले, तर पाणी जिरणार कुठे?

कळीचा मुद्दा कोणता?
‘पार्क’ म्हणजे किती झाडे आणि किती काँक्रीट, हे आराखड्यात आकड्यांनिशी आले, तरच धास्ती ओसरेल.