काटकसरीचे उलटलेले गणित

इ. स. २००० च्या उंबरठ्यावर जगभरच्या संगणकांतील दोन अंकी वर्ष चार अंकी करण्याचे किचकट काम भारतीय अभियंत्यांकडे आले. आपली बुद्धिमत्ता वादातीत होतीच. परंतु पाश्चात्त्य कंपन्यांना मुख्य आकर्षण होते ते खर्चातील बचतीचे. त्याच बचतीतून हिंजवडीसारख्या वसाहती बहरल्या आणि मध्यमवर्गीय घरांत सुबत्ता आली, हे मान्यच करावे लागेल.

आज तेच गणित आपल्यावर उलटले आहे. जून २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने प्रकल्पाविना 'बेंच'वर राहण्याची मर्यादा वर्षाला ३५ दिवसांवर आणली. पाठोपाठ जुलैमध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर झाले. त्यांत मध्यम व वरिष्ठ श्रेणीतील लोक प्रामुख्याने होते. कारण सांगितले गेले ते कौशल्य आणि काम यांचा मेळ न बसण्याचे.

नव्या तंत्रज्ञानाला विरोध करणे शहाणपणाचे नव्हे. परंतु ज्याला कंपनीनेच वर्षानुवर्षे जुन्या प्रणालीला जुंपले, त्याच्यापाशी नवे कौशल्य नाही हा दोष एकट्या त्याचा कसा? प्रशिक्षण हा खर्च नसून गुंतवणूक आहे, हे व्यवस्थापनाने ओळखले पाहिजे. आणि ३५ दिवसांच्या भरवशावर २० वर्षांचे गृहकर्ज काढणाऱ्या आपल्या कुटुंबांनीही क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. दुसऱ्याच्या बचतीवर उभी राहिलेली सुबत्ता स्वतःच्या कौशल्याचा पाया लाभल्याखेरीज चिरस्थायी होत नाही.