विश्लेषण : घरी बांधलेल्या विमानाला मोटारीचे इंजिन, आवाज कमी होतो का?

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची छोटी विमाने सराव करतात. त्यांची घरघर आसपासच्या गावांना नवी नाही. हौशी मंडळींनी स्वतः बांधलेली विमानेही साधारण याच आकाराची असतात. मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाची नोंदणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये केली. अशा विमानांना खर्च वाचवण्यासाठी अनेकदा मोटारीचे इंजिन बसवले जाते. ते शांत असेल, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

आवाज येतो कुठून?

मुख्यतः दोन ठिकाणांहून : एक्झॉस्ट आणि प्रोपेलर. लायकमिंगसारखे पारंपरिक इंजिन मिनिटाला २,७०० फेरे घेते आणि प्रोपेलर थेट त्याला जोडलेला असतो. प्रोपेलरचा व्यास १.८५ मीटर धरला, तर पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २६० मीटर वेगाने फिरते. ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर. टोक त्याच्या जितके जवळ, तितका आवाज कर्कश.

मग पर्यायी इंजिनाने काय बदलते?

रोटॅक्स ९१२ हे इंजिन ५,८०० फेऱ्यांपर्यंत जाते. पण मधला गिअरबॉक्स प्रोपेलरचा वेग २,४०० फेऱ्यांच्या आत ठेवतो. १.७ मीटरच्या प्रोपेलरचे टोक मग २१२ मीटरवर येते. फायदा इंजिनाच्या नावाचा नाही, गिअरचा आहे. गिअर नसलेले फोक्सवॅगन इंजिन ३,००० फेऱ्यांच्या वर चालते, म्हणून त्याला छोटा प्रोपेलर लावावा लागतो. व्हँकेल रोटरी इंजिनाला थरथर कमी, पण सायलेन्सर चांगला नसेल तर एक्झॉस्ट कान फोडतो.

डिझेलचे काय?

डायमंड कंपनीच्या डीए-४२ एनजी विमानातील डिझेल इंजिन मर्सिडीजच्या मोटारीतील इंजिनावर बेतलेले आहे. त्यातही गिअरबॉक्स आहे आणि प्रोपेलर २,३०० फेऱ्यांवर फिरतो. टर्बोचार्जरमुळे एक्झॉस्टचा धडाकाही मंदावतो.

मुद्दा का महत्त्वाचा?

डेसिबलचे गणित सरळ वाढत नाही. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. निवासी भागासाठी भारतातील दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. एकच विमान धावपट्टीभोवती तासभर घिरट्या घालते, तेव्हा खालच्या शाळेत शिक्षकांना पुन्हा पुन्हा थांबावे लागते. वैमानिकाचीही सुटका नाही; हेडसेटशिवाय रोज उडणे म्हणजे श्रवणशक्ती पणाला लावणे.

म्हणून हौशी बांधणीला प्रोत्साहन द्यावेच. पण उड्डाणाची परवानगी देताना सुरक्षिततेबरोबर आवाजही मोजावा. सायलेन्सर आणि कमी फेऱ्यांचा मोठा प्रोपेलर आराखड्यातच ठरला, तर खर्च थोडाच वाढतो. विमान उडाल्यावर गावाशी भांडण मिटवणे त्याहून महाग पडते.