तापणारें इंजिन आणि मालकाची जबाबदारी

पूर्वीं बाजारास निघण्याआधीं बंडीच्या आंसास वंगण आहे कीं नाहीं, हें घरधनी स्वतः पाहत असे. आज आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत बंडीची जागा पुष्कळ ठिकाणीं पिकअप गाडीनें घेतली आहे. कापूस जिनांत न्यावयाचा, तूर-सोयाबीन बाजार समितींत न्यावयाचें, खत-बियाणें घरीं आणावयाचें, हें सर्व तिच्यावर चालतें. त्यांतल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातीं आलेल्या आणि वर्षानुवर्षें राबलेल्या असतात. अशा गाडीचें इंजिन तापूं लागलें, कीं "पाणी ओता आणि चला" एवढाच उपचार आपण जाणतों. हा उपचार नव्हे. ही रोग झांकण्याची युक्ति आहे. तिची किंमत कधीं आपणांस, तर कधीं आपल्या माणसास भरावी लागते.

माझें हें मत महागांत पडलेल्या अनुभवानें बनलें आहे. गेल्या वैशाखांत, भाव वाढेल या आशेनें घरीं ठेवलेला कापूस घेऊन माझी जुनी पिकअप राळेगांवकडून यवतमाळच्या पठारावर चढत होती. कांटा लाल रेषेपाशीं गेला. माझ्या सांगण्यावरून सालदारानें रेडिएटरचें झांकण उघडलें, आणि उसळलेल्या पाण्यानें त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. त्या वर्षींची पेरणी त्याला करतां आली नाहीं. इंजिनाचें हेडही वाकलें. तपासाअंतीं निघालें काय? रेडिएटरच्या जाळींत कापसाचे तंतू, कुटार आणि धूळ यांचा गच्च थर! घटकाभराच्या धुण्यानें हें सारें टळलें असतें. गाडी माझी, हुकूम माझा, अज्ञान माझें. भोगलें मात्र त्यानें.

या विषयांतील शास्त्र अवघड नाहीं. डिझेल जळून उत्पन्न होणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग पाणी वाहून नेतें आणि रेडिएटर तो हवेस देतो. तो किती देईल, हें पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरतें. पाणी ९० अंश धरलें, तर मार्गशीर्षांतील १५ अंशांच्या पहांटे हा फरक ७५ अंशांचा असतो. वैशाखांत पारा ४५ वर गेला म्हणजे तो ४५ अंशच उरतो. म्हणजे तोच रेडिएटर तीन-पंचमांश कामाचा राहिला. हिवाळ्यांत जो दोष झांकून गेला, तो उन्हाळ्यांत उघडा पडतो. ऊन दोष निर्माण करीत नाहीं, तें तो दाखवितें.

पहिला नियम माणसाच्या जिवाचा. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. त्या झांकणानें पाणी दाबाखालीं कोंडलेलें असतें. आंत हवेच्या दाबाइतका जादा दाब असल्यास तें सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. झांकण उघडतांच दाब सुटतो आणि तें पाणी वाफेसह उसळतें. इंजिन हातास सोसेल इतकें निवूं द्यावें. त्याआधीं थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचें भय असतें. झांकणाचें रबर झिजलें किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर धडधाकट इंजिनही लवकर उकळतें. म्हणून नवें झांकण घेतांना जुन्यावर कोरलेल्या दाबाच्या आंकड्याचेंच मागावें.

दुसरा नियम असा कीं, इंजिन केव्हां तापतें, हें आधीं टिपून ठेवावें. जिनाच्या रांगेंत उभें असतां तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर संशय पंख्यावर व त्याच्या पट्ट्यावर घ्यावा. भरल्या गाडीनें चढावर तापत असेल, तर रेडिएटर आंतून वा बाहेरून चोंदल्याचा संभव अधिक. निघाल्यावर थोड्याच वेळांत तापलें, तर पाण्याची पातळी, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट पाहावे. "यासाठीं मिस्त्री आहे कीं!" असें कोणी म्हणेल. पण रस्त्यावर इंजिन तापतें तेव्हां मिस्त्री गाडींत नसतो. त्याला खरी हकीकत आपणच सांगितली पाहिजे. नाहीं तर तो अंदाजानें सामान बदलीत जातो आणि पैसे आपले जातात.

यानंतर स्वस्त कारणाकडून महाग कारणाकडे जावें. इंजिन थंड असतां पातळी पाहावी. ती वारंवार उतरत असेल, तर रबरी नळ्यांचे जोड आणि पंपाखालचें छिद्र ओलें आहे काय, तें तपासावें. इंजिन बंद ठेवून पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्यानें दाबावा. तो साधारण अर्धा इंच दबावा. फार दबला किंवा आंतून चकाकूं लागला असेल, तर तो घसरतो आहे असें समजावें. रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस, हलक्या धारेनें धुवावी; जोराच्या धारेनें तिच्या पातळ पात्या वाकतात. कापूस वाहणाऱ्या गाडीस हंगामांत दर पंधरवड्यास हें स्नान घालावें.

थर्मोस्टॅटचा संशय आल्यास तो भांड्यांतील पाण्यांत बुडवून पाणी तापवावें. त्यावर कोरलेल्या अंशास, बहुधा ८२ च्या सुमारास, तो उघडूं लागला पाहिजे. न उघडल्यास नवा बसवावा. तो काढून फेकून देण्याची जी रीत पडली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. थर्मोस्टॅटवांचून इंजिन हिवाळ्यांत गारच राहतें, डिझेल अधिक खातें आणि लवकर झिजतें. कांहीं इंजिनांत तर त्यामुळें पाण्याचा कांहीं भाग रेडिएटरकडे न जातां परस्पर फिरतो आणि भरल्या गाडीचें तापणें वाढतेंच.

आतां पाण्याविषयीं. आपल्याकडील विहिरी व बोअर यांचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड आहे. ज्या पाण्यानें चुलीवरच्या भांड्यास पांढरा थर चढतो, तेंच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही थर चढवितें. म्हणजे उपचार म्हणून आपण जें ओततों, तेंच रोगाचें बीज ठरतें! शुद्ध केलेलें पाणी आणि कूलंट गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या प्रमाणांत घालावें. त्यानें गंजही टळतो. मात्र कूलंट बहुधा गोडसर व विषारी असतें. काढलेलें कूलंट गोठ्याजवळ किंवा उघड्या भांड्यांत ठेवूं नये. जनावरें तें पितात आणि दगावतात.

तेलाचा रंग दुधाळ झाला, सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येऊं लागला, किंवा थंड इंजिन झांकण काढून सुरू केल्यावर पाण्यांत बुडबुडे थांबतच नाहींत, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. तेथें घरगुती उपाय संपले. गाडी एक कोसही न हांकतां ओढून न्यावी.

आपल्या यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरील "शकुंतला" १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धांवत होती. वाफेचें इंजिन हांकणारा बाष्पकांतील पाण्याच्या पातळीवरून नजर ढळूं देत नसे, कारण चूक झाल्यास पहिला बळी आपलाच, हें तो जाणत होता. आपण मालक मात्र घरीं बसतों आणि झांकण दुसऱ्याचा हात उघडतो. म्हणून दरवर्षीं पाडव्यापूर्वीं एक सकाळ गाडीस द्यावी, वरील तपासणी स्वतः करावी, आणि ती करतांना सालदारास शेजारीं उभें करून शिकवावी. माझ्या सालदाराच्या हातावरचा डाग मला रोज दिसतो. दुसऱ्या कोणाच्या घरीं तसा दिसूं नये, एवढ्याचसाठीं हें लिहिलें.