विश्लेषण : दोष पेन ड्राइव्हचा, की शेड्युलरचा?

लिनक्स अपडेट केले आणि दहा मिनिटांत लिहून होणारी डिस्क इमेज अर्धा तास घेऊ लागली, की संशय पेन ड्राइव्हवर जातो. तो फेकण्याआधी कर्नलकडे पाहायला हवे.

काय बदलले?
डिस्ककडे जाणाऱ्या कामांचा क्रम कर्नलमधील शेड्युलर लावतो. मार्च २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.० मधून ‘सीएफक्यू’सह एकाच रांगेवर चालणारे जुने शेड्युलर काढण्यात आले. वेगवान एसएसडीसाठी अनेक रांगांची नवी रचना योग्यच होती. मात्र जुन्या सेटिंगमध्ये ‘सीएफक्यू’ निवडून ठेवलेल्यांची निवड त्यामुळे निरुपयोगी ठरली.

तपासायचे कसे?
‘सिस’मधील ‘ब्लॉक’ फोल्डरमध्ये त्या ड्राइव्हच्या नावाखाली ‘क्यू’ आणि त्यात ‘शेड्युलर’ ही फाइल असते. चौकोनी कंसातले नाव सध्या लागू असलेले. यादीतील ‘एमक्यू-डेडलाइन’, ‘बीएफक्यू’ किंवा ‘नन’ एकेक करून लावावे, तीच इमेज त्याच पोर्टवर लिहावी. लिहून झाल्याचे दिसले, तरी बराच डेटा रॅममध्येच असू शकतो. म्हणून ‘सिंक’ संपेपर्यंतचा वेळ मोजावा. फरक पडला नाही, तर मग ड्राइव्ह किंवा पोर्टवर संशय घ्यावा.

जबाबदारी कुणाची?
बदल गरजेचा असला, तरी तो वापरकर्त्याला कळायला हवा. लिनक्सची वितरणे बनवणाऱ्यांनी जुनी सेटिंग यापुढे चालणार नाही, हे अपडेटच्या वेळीच साध्या भाषेत सांगावे. नाहीतर चांगला पेन ड्राइव्ह कचऱ्यात जातो आणि नव्यावरही तोच अर्धा तास लागतो.