टीव्हीच्या पाठीमागे

नव्या टीव्हीच्या पाठीमागे अँटेनाची वायर लावायचे भोक अजून असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नृसिंहवाडीत त्यात काय लावायचे? अँटेनावर दिसणारे दूरदर्शनचे जुने प्रक्षेपण प्रसार भारतीने 2022 च्या मार्चअखेरपर्यंत आवरते घेतले. मोक्याच्या ठिकाणची पन्नासेक केंद्रे तेवढी ठेवली. अँटेनावरच दिसणारे डिजिटल प्रक्षेपण 2016 मध्ये मुंबई आणि तेव्हाच्या औरंगाबादसह 16 शहरांत सुरू झाले. त्या यादीत कोल्हापूर नव्हते. केबलची वायर पूर्वी थेट याच भोकात जायची. केबल डिजिटल झाली आणि तिलाही सेट-टॉप बॉक्स आला. थोडक्यात, जे प्रक्षेपण बंद पडले त्याचा ट्यूनर संचात आहे. जे रोज फुकट उतरते त्याचा सहसा नाही.

फुकट उतरते ते दूरदर्शनचे फ्री डिश. डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ते सुरू झाले. छत्री एकदा बसवली की महिन्याचे भाडे नाही. सध्याचा उपग्रह जीसॅट-15, जागा 93.5 अंश पूर्व. त्यामुळे वाडीच्या गच्च्यांवरची छत्री आग्नेयेकडे तोंड करून असते.

ट्यूनर संचात नसला की प्रत्येक टीव्हीला बॉक्स लागतो, आणि या गावात दुसऱ्या खोलीतला टीव्ही ही चैन नव्हे. दत्तदर्शनाला आलेले लोक भक्तनिवासात उतरतात, तसे गावातल्या घरांतही उतरतात. पौर्णिमेला खोली मिळवणे मुश्कील. खोली दाखवली की मुलांचा पहिला प्रश्न टीव्हीचा असतो. शिवाय कृष्णा आणि पंचगंगा एकदम चढल्या की खालचे सामान माडीवर जाते, त्यात टीव्हीही. 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या गावाला हे वेगळे सांगायला नको.

एका छत्रीवर चार खोल्या चालतात. तंत्र जुने आहे. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा लहरी पकडणारा भाग, चार तोंडांचा घ्यायचा आणि प्रत्येक खोलीला छत्रीपासून स्वतंत्र वायर ओढायची. केबलचा साधा स्प्लिटर इथे भरवशाचा नाही. प्रत्येक बॉक्स त्याच वायरीतून वर वीज पाठवतो आणि 13 की 18 व्होल्ट यावरून कोणत्या लहरी खाली घ्यायच्या ते ठरते. एका वायरीवर दोन बॉक्स दोन हुकूम देऊ लागले, तर एका खोलीचे चित्र जायचेच. हे जोडणाऱ्या कारागिराला ठाऊक असते आणि छत्री, एलएनबी, वायर हा खर्च एकदाचाच असतो. पुढे मात्र प्रत्येक खोलीत वेगळा बॉक्स, त्याचा अडॅप्टर, त्याचा रिमोट आणि भिंतीवर एक जादा सॉकेट. चार खोल्यांचे आठ रिमोट. त्यातले यात्रेकरूंच्या पिशवीतून किती जातात, हे खोलीवाल्यांनाच विचारावे.

म्हणून जुगाड होतो. बॉक्स एकच ठेवायचा, त्याचे चित्र वायरीने सगळ्या खोल्यांत फिरवायचे आणि अँटेनाच्या त्या भोकात खोचायचे. भोकाचा उरलेला उपयोग हाच. पुढच्या खोलीत बातम्या लावल्या की मागच्या तिन्ही खोल्यांत बातम्या. आजोबांना कीर्तन, नातवाला क्रिकेट, ही निवड रिमोट ज्याच्या हातात त्याची.

पैसे भरून पाहायच्या डीटीएचला बॉक्स का लागतो, हे समजते. ते कुलूप आहे. भाडे थकले की वाहिनी बंद करता आली पाहिजे. फ्री डिशवर थकायला भाडेच नाही. मग इथे प्रत्येक खोलीच्या दारात कुलूप कशासाठी?

सरकारला हे सुचले नाही, असेही नाही. भारतीय मानक ब्युरोने आयएस 18112:2022 हे मानक काढले आणि जानेवारी 2023 मध्ये जाहीर केले. उपग्रहाचा ट्यूनर टीव्हीतच बसवायचा, गच्चीवरच्या छत्रीची वायर थेट संचाला जोडायची, खुल्या वाहिन्या बॉक्सशिवाय पाहायच्या. याहून सोपे काय? ते बंधनकारक करावे, असे माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाणिज्य व उद्योग मंत्रालयाला कळवले. तेव्हाचे मंत्री अनुराग ठाकूर यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये 200 हून अधिक वाहिन्या बॉक्सविना दिसतील, असे सांगितले. निर्णय व्हायचा आहे, हेही त्यांनीच सांगितले. दुकानात आजही बिनट्यूनरचे संच सर्रास मिळतात. रिमोटवर पैसे भरून पाहायच्या अ‍ॅपची बटणे असतात, एकेका अ‍ॅपचे एकेक. फुकट दूरदर्शनचे बटण कोणी दिले नाही. द्यायला कोणी भाग पाडले नाही.

दुसऱ्या खोलीचा विचार सरकारी कागदावर कधी झालाच नाही म्हणावे, तर तोही झालेला आहे. जानेवारी 2020 मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ठरवले की एकाच घरातल्या दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हीला केबल-डीटीएचवाल्यांनी नेटवर्क शुल्काच्या 40 टक्क्यांहून जास्त घेऊ नये. ग्राहकाच्या बाजूचाच नियम, त्याबद्दल तक्रार नाही. पण वसुली होते तिथे दुसरी खोली टक्क्यांत मोजली गेली. जिथे काहीच वसूल व्हायचे नाही, तिथे ती मोजायला कोणी बसले नाही.

ट्यूनर घातला की संच महागेल, हा कंपन्यांचा आक्षेप ठरलेला. महागेलही. पण तो खर्च ग्राहक आजही करतोच आहे, बॉक्सच्या रूपाने आणि खोलीगणिक. हिशेब मांडायचा तर ट्यूनरची वाढीव किंमत एका पारड्यात आणि बॉक्स, अडॅप्टर, जादा रिमोट दुसऱ्यात घालून मांडावा. तो कंपन्यांनी मांडावा, ही अपेक्षा नाही. मंत्रालयाने मांडायला हरकत नव्हती.

सक्ती सरसकट नको असेल, तर 32 इंची संचापासून सुरू करावी. वाडीच्या खोल्यांत तोच टांगलेला असतो. मोठ्या पडद्याच्या काही महागड्या मॉडेलांत हा ट्यूनर आधीच बसवलेला येतो, म्हणजे ज्यांना फ्री डिशची गरज सर्वांत कमी, त्यांची सोय झालेली आहे.