राणीचं नाक

आमच्या रिसोडात सध्या कोणाच्या हातावर रुपया ठेवायची सोय राहिलेली नाही. पूर्वी माणूस रुपया घ्यायचा आणि गल्ल्यात टाकायचा. आता तो आधी उजेडाकडे धरतो, मग भिंगाखाली, मग आपल्याकडे संशयाने पाहतो. टांकसाळीची चूक असलेलं नाणं लाखाला जातं, असं मोबाइलवर कोणीतरी सांगून ठेवलं आहे. झालं! ज्यांना पोराच्या गणिताच्या वहीतली चूक जन्मात सापडली नाही, ते सरकारच्या चुका काढायला बसले. मी मास्तरकीत पस्तीस वर्षं चुकाच काढल्या. एकीचेही कोणी दोन पैसे दिले नाहीत.

आमच्या शेजारचे किराणा दुकानदार यात आघाडीवर. रोज रात्री गल्ला ताटात ओतून तांदूळ निवडावे तशी नाणी निवडतात. एकदा सकाळी सकाळी आले, ते धापा टाकतच.

"गुरुजी, हे पाहा बरं जी. सालाखाली चांदणी हाये! मिस्टेक हाये ना?"

म्हटलं, "भाऊ, ती हैदराबादच्या टांकसाळीची खूण. मुंबईची चौकट असते, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची काहीच नसते."

"म्हंजे काहीच नसलं, तर थे मिस्टेक?"

अशा माणसाशी वाद घालू नये, हे मला कळतं. पण वळत नाही. म्हणून त्यांना एकदा समोर बसवून सांगितलं. टांकसाळीतून बाहेर पडण्याआधी झाली ती चूक. बाहेर पडल्यावर झाले ते हाल. ठशाला तडा गेला, तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर रेघ वर उठते. खिळ्याने ओढलेली रेघ आत जाते. चकती नीट बसली नाही, तर छाप एका कडेला सरकतो आणि दुसऱ्या कडेला कोरी चंद्रकोर राहते. आधीचं नाणं ठशालाच चिकटून बसलं, तर पुढच्या नाण्यावर तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं आणि खोल उमटतं. चकती कापतानाच तुकडा गेला असेल, तर बहुधा त्याच्या बरोबर समोरची कडही पुसट येते. कानशीने तुकडा उडवणाऱ्याला हे माहीत नसतं. आपला रुपया पुस्तकाच्या पानासारखा उलटला, तर दोन्ही बाजू सुलट दिसतात. तशा दिसल्या नाहीत, तर खुशाल माझ्याकडे या. बाकी ट्रकखाली चेपलेलं नाणं घेऊन येऊ नका.

त्यात जुन्या नाण्यांचा मामला आणखी न्यारा. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेलं, त्याआधी आम्ही निजामाचे. त्यामुळे इकडच्या जुन्या घरांत निजामाचा शिक्का, शिवराई, राणीछाप, सगळे एकाच गाडग्यात नांदतात. शिवराई हातोड्याने पाडलेली; ठसा मोठा, चकती लहान. कुठे 'श्री'ची वेलांटी बाहेर, कुठे 'छत्र' आहे तर 'पति' अर्धा गायब. 'शिव' तर कोणी ऱ्हस्व काढला, कोणी दीर्घ, कोणी चक्क 'सिव'. माझ्यासारख्याने लाल शाई घेऊन बसायचं म्हटलं, तर दौत संपेल. जिथे एक नाणं दुसऱ्यासारखं नाही, तिथे चूक कुठली काढता?

पण एके दिवशी भाऊंनी देव्हाऱ्यातला रुपयाच आणला. आजीच्या लक्ष्मीपूजनातला, 1862 चा राणीछाप.

"गुरुजी, राणीले नाकच नाही! टांकसाळीतच राह्यलं वाटते. अन् साल पाहा, एकशे साठ वर्षांच्या वरचं!"

"नाक टांकसाळीत नाही राहिलं, भाऊ. तुमच्या घरच्या चार पिढ्यांच्या चिंचेत आणि राखेत गेलं. आणि सालाचं म्हणाल, तर 1862 हेच साल घालून पुढे दहा-बारा वर्षं रुपये पाडत होते. मोप आहेत ते."

त्यांना ते पटलं नाही. पटणार कसं? त्याआधीच फोनवर एकाने त्या बिननाकाच्या राणीला साडेतीन लाख कबूल केले होते. भाऊंनी आधी नोंदणीचे एकवीसशे भरले. मग जीएसटीचे साडेआठ हजार. मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचा, गोल शिक्क्याचा कागद आला, त्याचे बारा हजार. पैसे सोयाबीनचे होते. पोरीच्या वाशीमच्या खोलीभाड्यासाठी काढून ठेवलेले. नंतर फोन लागेना.

आता सांगा, मी हसू कसा? रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजीच पत्रक काढून सांगितलं होतं, की आम्ही असल्या व्यवहारात नाही, त्याचं कमिशन घेत नाही आणि आमच्या नावाने ते मागायचा अधिकारही कोणाला दिलेला नाही. पण ते पत्रक भाऊंच्या मोबाइलवर आलं नाही. लाखाचं स्वप्न मात्र रोज तीनदा येतं, गाण्यासकट. भाऊंना लोभी म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पोरीचं भाडं भरायला ज्याला गल्ल्यातली चांदणी शोधावी लागते, त्याला लोभी काय म्हणायचं? नाणं घेणारा माणूस नाणं पाहतो आणि पैसे देतो. जो न पाहताच आधी आपल्याकडे मागतो, तो चोर. मग त्याच्या कागदावर शिक्का गोल असो की चौकोनी. आणि त्याच्यासाठी गिऱ्हाईक तयार करून ठेवणारे ते गाणेवाले काही कमी चोर नव्हेत. राणीचा रुपया म्हणजे तोळाभर वजन, त्यात बरीचशी चांदी. सराफाने नाक न बघता मोल दिलं असतं.

रुपया आता पुन्हा देव्हाऱ्यात गेला आहे. आजीच्या सुनेने, म्हणजे भाऊंच्या आईने, त्याला परवाच चिंचेने लख्ख घासलं. उरलंसुरलं कपाळही गेलं.

भाऊंनी भिंग मला देऊन टाकलं. गेल्या गुरुवारी त्यांच्याकडूनच सुट्टे घेतले, तर एका रुपयावर सालावरून तिरपी रेघ. बोट फिरवलं, वर उठलेली! ठशाचा तडा! मी भाऊंकडे न पाहता रुपया खिशात टाकला आणि चहा न घेताच घरी निघून आलो. दार लावलं, भिंगाखाली धरलं, मग नीट दिसावं म्हणून वाटीभर पाण्यात बुडवला.

रेघ विरघळली. गूळ होता.