बाबांचा पाणीपुरवठा

नामिबियाला चाललोय म्हटल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न आला, ‘तिथे आहे काय?’ बॉस, प्रश्न चुकीचा नाही. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला नामिबचं वाळवंट, मधून रस्ता. स्वाकोपमुंड ते वॉल्विस बे, जेमतेम 35 किलोमीटर. ‘चार दिवसांत सतरा पॉइंट’वाली ट्रिप ही नव्हेच.

आमची वरात पाच जणांची. आई, बाबा, बायको, सहा वर्षांची लेक आणि ईएमआयवाला मी. पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झाल्यापासून बाबा गप्पच असतात. टीव्ही चालू, नजर भलतीकडे. विचारलं की ‘ठीक आहे.’ सुट्टीचा घाट खरं तर त्यासाठीच घातला होता, पण घरात हे कुणी कुणाला बोललं नव्हतं.

पहिल्या सकाळी आईने पडदा सरकवला. ‘अहो, हे तर महाबळेश्वर!’ वाळवंटात दाट धुकं, अंगात स्वेटर! दक्षिणेकडून येणाऱ्या बेंग्वेला प्रवाहाचं पाणी थंडगार. त्यावरची हवा गारठते, धुकं होतं. पण ही जड हवा वर चढत नाही, म्हणून पाऊस नाही. वर्षाला 20 मिलिमीटरसुद्धा नाही. इथला एक काळा भुंगा पहाटे टेकडीच्या माथ्यावर डोकं खाली, पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर जमलेलं धुकं ओघळून थेट तोंडात! लेकीने हॉटेलच्या बेडवर लगेच नक्कल करून दाखवली. वेल्विचिया नावाचं झाड तर जन्मभर दोन पानांवर काढतं, काही हजार वर्षांहून जुनी. ‘आणि आपली तुळस आठ दिवसांत माना टाकते,’ इति आई.

सँडविच हार्बरला वाळूच्या टेकड्या थेट लाटांत उतरतात. ओहोटी बघूनच जीप घालायची. पोटात गोळा, पण पैसे वसूल. परतताना लेकीने विचारलं, ‘आजोबा, इथे नळाला पाणी कुठून येतं?’

झालं. बाबांनी ड्रायव्हरला धरलं. कळलं ते असं, की कुइसेब नदी दिसायला कोरडी ठाक. आत दूरवर पाऊस झाला तरच काही दिवस वाहते. पण वाळूखाली पाणी आहे, बोअर मारून ते वॉल्विस बेला जातं. आणि तेवढ्याच पुरात ती वाळू वाहून नेते, म्हणून टेकड्या उत्तरेकडे सरकत नाहीत, तिच्या काठाशी थांबतात.

‘26 जुलै 2005,’ बाबा एकदम म्हणाले. ‘सांताक्रूझला 944 मिलिमीटर. म्हणजे इथला निदान 47 वर्षांचा पाऊस एका दिवसात. त्या रात्री मी पंपिंग स्टेशनवर होतो.’

आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं, ते ऑफिसात अडकले होते. वॉल्विस बे येईपर्यंत ते बोलत होते. कमरेएवढं पाणी, बंद पडलेले फोन, सोबतचे दोघे. आई खिडकीबाहेर बघत होती. खाडीतले फ्लेमिंगो आले आणि गेले, कॅमेरा कुणीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सँडबोर्डिंग होतं. बाबांनी परस्पर ठरवून टाकलं. घसरायचं ते आम्ही घसरायचं, ते आणि ड्रायव्हर समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट बघायला जाणार. बाहेरून तर बाहेरून.